व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरच्या आडरस्त्यांवर जुन्या पाणचक्क्या व छपराचे पूल कसे शोधावेत?

आडवाट (प्रश्न)

नमस्कार. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तीन दिवस हाताशी आहेत. ते अमेरिकेच्या ईशान्य भागातील व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर या शेजारी राज्यांच्या खेड्यापाड्यांतून मोटारीने हिंडण्यात घालवावेत, असा बेत आहे. गेल्या वर्षी याच भागातून महामार्गाने गेलो होतो. रंगलेली झाडे डोळे भरून पाहिली, परंतु ज्यांच्यासाठी मुद्दाम वाट वाकडी केली होती, त्या जुन्या पाणचक्क्या आणि छप्पर घातलेले लाकडी पूल यांपैकी वुडस्टॉक गावातला एक पूल तेवढा पदरी पडला. घरी परतल्यावर वाचताना कळले की तो पूल १९६९ साली बांधलेला आहे, आणि त्याची काढलेली चाळीस छायाचित्रे एकदम फिकी वाटू लागली.

या वेळी तसे होऊ नये म्हणून विचारतो आहे. प्रवाशांसाठीच्या पुस्तिकांमध्ये तेच ते पाच-सहा पूल असतात. त्यांच्या पलीकडचे काही आपले आपण शोधायचे असेल तर रस्त्यावर नेमके काय पाहत जावे? समोर आलेला पूल जुना आहे की जुन्यासारखा दिसणारा नवा, हे जाणकार नसलेल्या माणसाला ओळखता येते का? आणि लाकडी पुलावर छप्पर घालण्याचे खरे कारण काय? कोणी म्हणते बर्फ साठू नये म्हणून, कोणी म्हणते पाणी पाहून घोडे बुजू नयेत म्हणून. पाण्यावर फिरणारे चाक आणि चालू जाते एकत्र पाहायला मिळेल असे ठिकाण ठाऊक असल्यास तेही सांगावे.

नदीकाठ

रस्त्यांचा नकाशा थोडा बाजूला ठेवा आणि नद्यांचा घ्या. पाणचक्कीला नुसते पाणी पुरत नाही, पाण्याची उडी लागते. ज्या जागी ओढा थोडक्या अंतरात दहा-पंधरा फूट खाली उतरतो, तिथेच बंधारा घालून पाणी अडवता येते आणि पाटाने चाकावर आणता येते. अशा ठिकाणी बहुधा पात्र अरुंद झालेले असते आणि खडक उघडा पडलेला असतो, म्हणजे पुलाला पाया आयता मिळतो आणि गाळाही, म्हणजे दोन आधारांमधला टप्पाही, आखूड पुरतो. शिवाय दोन्ही तीरांवरचे शेतकरी धान्याची पोती आणि झाडांचे ओंडके घेऊन चक्कीवरच येणार, तेव्हा पुलाची गरज सर्वांत आधी भासणार तीही तिथेच. चक्कीशेजारी लोहार आला, दुकान आले, चर्च आले आणि गाव झाले. या भागातील कितीतरी गावे अशीच वसली, म्हणूनच त्यांच्या नावांच्या शेवटी ‘फॉल्स’ किंवा ‘मिल्स’ हे शब्द इतक्यांदा भेटतात. ‘मिल ब्रूक’ नावाचा ओढा किंवा ‘मिल रोड’ नावाचा रस्ता दिसला की गाडी तिकडे वळवावी. चक्की शंभर वर्षांपूर्वी जळून गेली असली तरी नाव मागे राहते.

याचे उत्तम उदाहरण तुम्ही गेल्या वर्षी नकळत मागे टाकले आहे. वुडस्टॉकच्या थोडे अलीकडे, ओटाक्वीची नदीवर टाफ्ट्सव्हिल नावाची छोटी वस्ती लागते. तेथील तांबडा पूल १८३६ सालचा आहे आणि १८९ फूट लांबीचा तो पूल दोन गाळ्यांत नदी ओलांडतो. त्याला लागूनच बंधारा आणि जुने जलविद्युत केंद्र आहे. टाफ्ट घराण्यातील माणसांनी याच पाण्याच्या जोरावर कुऱ्हाडी आणि गवत कापण्याचे लांब दांड्याचे विळे घडवण्याचा कारखाना काढला होता. वस्तीचे नाव त्यांच्यावरूनच पडले. बंधारा, कारखान्याची जागा आणि पूल हे सारे एका नजरेत मावते, आणि तरीही बहुतेक प्रवासी वुडस्टॉक गाठण्याच्या घाईत तिथे थांबत नाहीत.

दुसरे ठिकाण व्हरमाँटमधील विंझर. तिथे कनेक्टिकट नदीवर १८६६ सालचा कॉर्निश–विंझर पूल आहे. सुमारे ४५० फूट लांब, दोनच गाळे, आणि आजही त्यावरून मोटारी जातात. याच जागी आधी तीन पूल होऊन गेले होते. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांनी हा चौथा उभारला, तो मात्र टिकला. प्रवेशावर ‘घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड भरा’ अशा अर्थाची पाटी आहे. थोडे विषयांतर करतो, पण पुलाची मालकी हा मोठा गमतीचा विषय आहे. दोन राज्यांची सीमा नदीच्या मध्यातून जाते असे कोणालाही वाटेल, परंतु १९३३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती पश्चिम तीरावर, पाणी ओसरलेले असताना जिथवर असते त्या रेषेवर असल्याचे ठरवले, त्यामुळे जवळजवळ सगळा पूल न्यू हॅम्पशायरच्या वाट्याला आला. व्हरमाँटमधून पुलावर चाक ठेवले की तुम्ही राज्य ओलांडलेलेच असता.

विंझर गावातच, मिल ब्रूक नावाच्या ओढ्यावर, १८४६ सालची विटांची एक तीन मजली इमारत आहे. तिथे रॉबिन्स आणि लॉरेन्स यांचा बंदुकांचा कारखाना पाण्यावर चालत असे. एका बंदुकीचा भाग दुसऱ्या बंदुकीत तंतोतंत बसावा, अशा रीतीने यंत्रांवर सुटे भाग बनवण्याची पद्धत तिथे इतकी पुढे गेली होती की १८५१ सालच्या लंडनच्या प्रदर्शनात त्या बंदुका पाहून ब्रिटिश अधिकारी चकित झाले. आता तिथे यंत्र-अवजारांचे संग्रहालय आहे. पाणचक्की म्हणजे पिठाची गिरणी एवढेच चित्र डोळ्यांपुढे असेल, तर ही इमारत ते बदलून टाकते.

तुळई

मी आयुष्यभर पूल बांधण्याच्या खात्यात काम केले, म्हणून छपराविषयी आधी लिहितो. बर्फ साठू नये हे कारण तर सपशेल उलटे आहे. हिवाळ्यात या भागातील वाहतूक घसरगाड्यांवरून चाले आणि छपरामुळे पुलाची फरशी कोरडी राहत असल्याने गावाला पैसे देऊन माणूस नेमावा लागे, जो बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पसरत असे. घोडे बुजण्याची गोष्ट ऐकायला छान आहे, पण तेवढ्यासाठी कोणी शेकडो फूट छप्पर घालणार नाही. खरे कारण पाणी. पुलाचा भार पेलते ती दोन्ही बाजूंची लाकडी कैची, म्हणजे एकमेकांत जोडलेल्या लाकडांचा सांगाडा. तिच्या सांध्यांत पावसाचे पाणी मुरत राहिले तर लाकूड दहा-पंधरा वर्षांत कुजते. ते कोरडे राहिले तर शंभर-दीडशे वर्षे टिकते. थोडक्यात, छप्पर आणि बाजूच्या फळ्या हा कैचीचा अंगरखा आहे, आणि तो फाटला की बदलता येतो.

म्हणून पुलाचे वय त्याच्या रंगावरून किंवा छपरावरून ठरवू नका. आत शिरा, एका बाजूला सुरक्षित उभे राहा आणि कैचीकडे पाहा. या भागात सर्वांत जास्त दिसेल ती जाळीची कैची. कनेक्टिकटचे वास्तुविशारद इथिएल टाऊन यांनी तिचे पेटंट १८२० साली घेतले. फळ्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि प्रत्येक छेदावर ओकच्या जाड लाकडी खुंट्या ठोकलेल्या. ही रचना पसरली त्याचे कारण वर ‘नदीकाठ’ यांनी सांगितलेल्या गोष्टीशी जुळते. तिला मोठाले घडवलेले वासे लागत नाहीत. एकसारख्या जाड फळ्या पुरतात आणि त्या तर जवळची पाण्यावर चालणारी लाकूड-कापणीची गिरणीच पुरवत होती. साधे गावचे सुतार ती उभारू शकत. टाऊन स्वतः बांधकामाच्या भानगडीत फारसे पडले नाहीत. ते पुलाच्या लांबीमागे दर फुटाला एक डॉलर हक्काचे घेत, आणि परवानगीवाचून बांधलेला पूल सापडला तर दोन. कॉर्निश–विंझरची कैचीही जाळीचीच आहे, फक्त तिच्यात फळ्यांऐवजी जाड चौकोनी वासे वापरले आहेत.

इतर प्रकारही ओळखता येतात. कैचीला जोडून लाकडाची मोठी कमान एका तीरापासून दुसऱ्या तीरापर्यंत गेलेली दिसली तर ती थिओडोर बर यांच्या पद्धतीची, १८१७ च्या पेटंटची. उभ्या लाकडांच्या जागी लोखंडी सळया दिसल्या तर ती बहुधा विल्यम हाऊ यांची, १८४० नंतरची. अगदी छोट्या पुलांवर मधे एक उभा खांब आणि दोन तिरकस आधार एवढेच असते. ही सर्वांत जुनी युक्ती आहे.

आता जुने-नवे. लाकडावरील करवतीच्या खुणा पाहा. पाण्यावर चालणारी जुनी करवत वर-खाली हलत असे, त्यामुळे तिच्या रेघा सरळ आणि समांतर उमटत. गोल करवतीच्या रेघा कमानीसारख्या वळलेल्या असतात आणि त्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर सर्रास दिसू लागतात. ही खूण सोन्याची नाही, कारण काही ठिकाणी जुनी करवत पुष्कळ उशिरापर्यंत चालू होती, पण आरंभासाठी चांगली आहे. नंतर वाकून फरशीखाली पाहा. खाली लोखंडी तुळया असतील तर वरची कैची कदाचित शोभेचीच असेल. क्वीची गावचा पूल असा आहे: वर लाकडाचे छप्पर आणि भार पेलणारा सांगाडा आधुनिक.

वुडस्टॉकच्या पुलाबद्दल मात्र तुमच्याशी सहमत नाही. तो १९६९ चा आहे हे खरे, पण मिल्टन ग्रेटन यांनी तो जाळीच्या कैचीनेच, लाकडी खुंट्या ठोकून बांधला आणि भार ती कैचीच पेलते. जुन्या पुलांतही मूळ लाकूड किती उरले आहे, हा प्रश्न विचारायला गेलो तर पुष्कळांची पंचाईत होईल. बार्टन्सव्हिलचा १८७० सालचा पूल ऑगस्ट २०११ मध्ये आयरीन वादळाच्या पुरात वाहून गेला. गावाने २०१३ पर्यंत त्याच जागी त्याच पद्धतीचा पूल पुन्हा उभा केला. त्याला मी नकली म्हणणार नाही. त्याआधी नोव्हेंबर १९२७ च्या महापुरात एकट्या व्हरमाँटने बाराशेहून अधिक पूल गमावले होते. आज राज्यात छपराचे सुमारे शंभर पूल उभे आहेत, याचेच नवल वाटते.

खरोखर जुनाच पाहायचा असेल तर न्यू हॅम्पशायरमध्ये वुड्सव्हिल इथे अमोनूसक नदीवरचा हॅव्हरहिल–बाथ पूल गाठा. तो १८२९ सालचा आहे, म्हणजे टाऊन यांच्या पेटंटला जेमतेम नऊ वर्षे झाली असतानाचा. त्यावरून आता वाहने जात नाहीत, त्यामुळे शांतपणे उभे राहून प्रत्येक सांधा पाहता येतो. बंधारा अर्थातच शेजारी आहे.

खुंटा

वरील दोघांनी पुलांचे पान वाढून ठेवले आहे, मी चक्कीपुरते लिहितो.

पहिली सूचना म्हणजे चाक शोधू नका. भिंतीबाहेर फिरणारे भलेमोठे लाकडी चाक हे दिनदर्शिकेवरील चित्र आहे. या भागातील हिवाळ्यात उघड्यावरच्या चाकावर बर्फाचे थर चढून ते जागीच गोठते, म्हणून पुष्कळ चक्क्यांमध्ये चाक इमारतीच्या पोटात, तळघरात बसवलेले असे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी चाके काढून लोखंडी टर्बाइन बसवली गेली, जी पाण्याखाली असतात आणि बाहेरून दिसतच नाहीत. त्यामुळे खरी जुनी चक्की बाहेरून एखाद्या धान्याच्या कोठारासारखी दिसते. तिची ओळख पटते ती पायथ्याशी: दगडी भिंतीतील पाणी आत शिरण्याचे आणि बाहेर पडण्याचे तोंड, वरच्या अंगाला उताराशी जवळजवळ आडवा जाणारा, आता झुडपांनी भरलेला पाट, आणि नदीत दोन्ही काठांना चिकटून उरलेले बंधाऱ्याचे दगड. इमारत नाहीशी झाली असली तरी पाट सहसा पुसला जात नाही. पाने गळल्यावर तो अधिक स्पष्ट दिसतो, म्हणून शक्य असल्यास एक दिवस ऑक्टोबरच्या अखेरीस ठेवा.

चाक उरलेले असेल तर पाणी कुठून पडते ते पाहा. वरून पडणारे पाणी पोहऱ्यांत साठून आपल्या वजनाने चाक ओढते. खालून वाहणारे पाणी फळ्यांना नुसते ढकलते. जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याने १७५९ साली प्रतिकृतींवर प्रयोग करून दाखवले की पहिल्या प्रकारात पाण्याच्या ताकदीचा सुमारे दुप्पट भाग कामी येतो. त्यामुळे जिथे उतार होता तिथे लोकांनी लांबवर पाट खोदण्याचे कष्ट आनंदाने घेतले.

आतल्या जात्याचे तत्त्व घरच्या जात्याचेच: खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. फरक असा की इथे वैरण, म्हणजे दळायचे धान्य, माणूस घालत नाही. वरच्या नरसाळ्यातून धान्य एका तिरप्या पन्हळीत येते आणि जात्याबरोबर फिरणारा दांडा त्या पन्हळीला सतत टपल्या मारतो. जाते जोरात फिरले की टपल्या वाढतात आणि धान्यही जास्त पडते, म्हणजे वैरण आपोआप वेगाप्रमाणे ठरते. चक्कीतला तो प्रसिद्ध खडखडाट या दांड्याचा. नरसाळे रिकामे होत आले की घंटा वाजावी अशीही सोय असे, कारण मधे धान्य नसताना दगड दगडाला घासला तर दगडावर छिन्नीने पाडलेले चर झिजतात आणि ठिणगी पडून पिठाच्या धुळीने आग लागण्याचे भय असते. गव्हासाठी सर्वांत नावाजलेले दगड फ्रान्समधील ला फर्ते-सू-ज्वार या गावाजवळच्या खाणींतून येत. तो दगड तुकड्यातुकड्यांनी जोडून भोवती लोखंडी पट्टा आवळलेला असतो. एखाद्या अंगणात पायरी म्हणून टाकलेला, पट्ट्याचा आणि सांध्यांचा दगड दिसला तर तो समुद्र ओलांडून आलेला आहे असे समजायला हरकत नाही.

पाहण्याजोगी ठिकाणे सांगतो. जेरिको, व्हरमाँट इथे ब्राउन्स नदीवर तांबडी जुनी चक्की आहे. १८८५ साली सूक्ष्मदर्शकातून हिमस्फटिकाचे पहिले छायाचित्र घेणारे विल्सन बेंटली याच गावचे, आणि त्यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन त्याच चक्कीत आहे. एका थांब्यात दोन गोष्टी होतात. न्यू हॅम्पशायरमधील लिटलटन इथे अमोनूसकच्या काठी अठराव्या शतकाच्या अखेरची चक्की आहे आणि तिचे चाक नव्याने बसवलेले आहे. चालू यंत्रणाच पाहायची असेल तर मात्र थोडे दक्षिणेला, मॅसॅच्युसेट्समधील ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज या खुल्या संग्रहालयात जा. तिथे पिठाची, लाकूड कापण्याची आणि लोकर पिंजण्याची अशा तीन गिरण्या आहेत. लोकर पिंजण्याची गिरणी मेन राज्यातून उचलून आणलेली मूळची जुनी इमारत आहे. मॅसॅच्युसेट्समध्येच सडबरी इथली दगडी चक्की सगळ्यांत देखणी आणि चालू आहे, पण तुम्हाला वर्षाची काळजी आहे म्हणून आधीच सांगतो: ती हेन्री फोर्ड यांनी बांधवली आणि १९२९ पासून चालते.

आडवाट

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. वुडस्टॉकच्या पुलाविषयीचा टोमणा मान्य आहे. ती छायाचित्रे पुन्हा काढून पाहिली आणि खुंट्या स्पष्ट दिसल्या. एक शंका उरते. दगडी कमानींचे पूल या भागात आहेत का, की सगळे लाकडाचेच?

नदीकाठ

आहेत, आणि त्यांच्याकडे फारसे कोणी पाहत नाही, कारण वरून जाताना ते दिसतच नाहीत. न्यू हॅम्पशायरमधील हिल्सबरो परिसरात एकोणिसाव्या शतकातील दगडी कमानींचे काही पूल आहेत, ज्यांत चुना किंवा सिमेंट काहीही वापरलेले नाही. दगड एकमेकांना दाबून उभे आहेत, आणि जितका भार वरून पडेल तितकी कमान घट्ट होते. व्हरमाँटमध्ये टाऊनशेंडच्या आसपास जेम्स ओटिस फॉलेट यांनी १८९० च्या दशकापासून पुढे असे कितीतरी छोटे पूल बांधले. ते व्यवसायाने शेतकरी होते. रस्त्याला किंचित उंचवटा लागला आणि दोन्ही बाजूंना जुने दगडी कठडे दिसले की गाडी पुढे नेऊन थांबवावी आणि काठावर उतरून कमान पाहावी. टाऊनशेंडहून दक्षिणेला वेस्ट नदीच्या कडेने उतरलात तर वेस्ट डमर्स्टन इथे १८७२ सालचा, सुमारे २८० फुटांचा जाळीच्या कैचीचा पूल लागतो, तोही पाहून घ्या.

तुळई

निघण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी. भाड्याने उंच गाडी घेणार असाल तर छतावर सामान बांधू नका आणि प्रत्येक पुलापुढची उंचीची पाटी वाचा. लिंडन गावातील मिलर्स रन पुलाला पेटीसारखे उंच मालट्रक इतक्यांदा धडकले आहेत की ती बातमी राहिलेली नाही. व्हरमाँटचे निम्म्याहून अधिक रस्ते कच्चे आहेत, तेव्हा पावसानंतर नकाशाने सुचवलेली जवळची वाट टाळा. पडक्या चक्क्यांपैकी बऱ्याच खाजगी जमिनीत आहेत. रस्त्यावरून पाहावे किंवा दार वाजवून विचारावे. आणि पुलांना जगभर वापरले जाणारे सूची-क्रमांक असतात, त्यांत पहिला आकडा राज्याचा: व्हरमाँट ४५, न्यू हॅम्पशायर २९. क्रमांक टिपून ठेवलात तर एकाच नावाच्या दोन पुलांत गोंधळ होत नाही.

जाण्यापूर्वी शक्य असेल तर अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयातील ऐतिहासिक अभियांत्रिकी नोंदी संगणकावर पाहा. काही पुलांची मोजमापांसह रेखाटने तिथे सर्वांसाठी विनामूल्य खुली आहेत. एखादे रेखाटन हातात घेऊन पुलात उभे राहण्याची मजा वेगळीच असते.

आडवाट

परत आलो, म्हणून कळवतो. टाफ्ट्सव्हिलला ठरवले होते त्यापेक्षा तिप्पट वेळ गेला आणि लिटलटन राहून गेले. सर्वांत लक्षात राहिले ते मात्र कोणत्याही यादीत नसलेले ठिकाण. ‘मिल रोड’ अशी पाटी पाहून कच्च्या रस्त्याला वळलो, तर शेवटी फक्त एक मोरी आणि ओढा होता. उतरून पाहिले तेव्हा वरच्या अंगाला, उताराला आडवा, पानांनी भरलेला पाट ओळखू आला आणि त्याच्या टोकाशी दगडी भिंतींचा खोल खड्डा. चाक त्यातच बसत असावे. मुलीने पावलांनी मोजला: लांबी नऊ पावले, रुंदी तीन.

हॅव्हरहिल–बाथ पुलात करवतीच्या खुणा पाहण्यासाठी विजेरी नेली होती. प्रकाश फळीवर समोरून टाकला तर काहीच दिसत नाही, कडेने तिरका टाकला की रेघा उठून दिसतात. नव्याने जाणाऱ्यांसाठी ही सूचना. आम्ही पाहिलेल्या फळ्यांपैकी बहुतेकींवर रेघा सरळ होत्या. एका ठिकाणी मधेच कमानीसारख्या वळलेल्या रेघांची फळी आली. तिची दुरुस्ती केव्हाची, हे ‘तुळई’ यांना छायाचित्र पाठवून विचारणार आहे.